डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचं बोलणं: नोंद कशी ठेवावी, बदल दिसला तर काय तपासावं

डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं बोलणं वयाबरोबर मागे पडतंय का, हे ठरवायला एकच खात्रीची मोजपट्टी आहे: तोच माणूस काही वर्षांपूर्वी कसा बोलत होता. विस्मरण (डिमेन्शिया) तपासायला दवाखान्यात नेहमी वापरतात त्या चाचण्या (आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, ही आकृती काढून दाखव) इथे फारशा उपयोगाच्या नाहीत. त्यातलं बरंचसं त्याला पंचविसाव्या वर्षीही जमलं नसतं. मग पंचेचाळिसाव्या वर्षी जमलं नाही, यातून काय कळणार? म्हणून सगळं उत्तम चाललेलं असतानाच घरच्यांनी त्याच्या बोलण्याची नोंद करून ठेवायला हवी. पंचविशी ते तिशी हा त्यासाठी चांगला काळ. चाळिशी उलटली असेल तर याच आठवड्यात सुरुवात करा.

याची निकड नवी आहे. १९८३च्या सुमारास अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ६०च्या घरात आहे. वय वाढलं तसा अल्झायमरचा प्रश्न समोर आला. अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठतं ते द्रव्य) ज्याच्यापासून तयार होतं त्या प्रथिनाचं जनुक २१व्या गुणसूत्रावरच असतं. डाऊन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राची तिसरी प्रत असल्यामुळे हे प्रथिन जन्मभर जास्त तयार होतं, आणि चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अमायलॉइडचे साठे दिसतात. मात्र साठे दिसणं म्हणजे लक्षणं दिसणं नव्हे. आजाराचं निदान सरासरी त्रेपन्न ते पंचावन्नच्या आसपास होतं.

चाळिशीच्या आत खरं विस्मरण फार क्वचित. तिथे बोलणं कमी झालं तर कारण बहुधा दुसरं असतं, आणि पुष्कळदा त्यावर उपाय असतो. 'त्याच्या डाऊनमुळेच असेल' असं कोणी म्हटलं, मग ते घरचे असोत की डॉक्टर, तर तिथे थांबू नका.

त्याचं नेहमीचं बोलणं कसं असतं

समज ही बोलण्याच्या पुढे असते. शब्दसंग्रह व्याकरणापेक्षा बरा असतो आणि तो तिशीतही वाढत राहतो, त्यामुळे 'आता काय शिकणार' हा समज चुकीचा. ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून ठेवणं हा सगळ्यात कच्चा भाग: तीन-चार आकडे ओळीने सांगितले की पुढचे निसटतात. पाहिलेलं मात्र ऐकलेल्यापेक्षा चांगलं लक्षात राहतं. उच्चार अस्पष्ट असतात, अनेक जण अडखळतात किंवा फार भरभर बोलतात. पण पाहुण्यांचं स्वागत, विचारपूस, थट्टा, रुसवा हे सगळं छान जमतं.

ही शेवटची जमेची बाजूच पुढे फसवते. 'कसा आहेस?' 'मस्त!' 'जेवलास?' 'हो!' एवढ्यावर पाहुणे खूश होऊन जातात आणि आतून कमी होत चाललेलं बोलणं दोन-दोन वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय 'हो की नाही' प्रश्नाला 'हो' म्हणून टाकायची सवय अनेकांना असते. 'कान दुखतोय का?' 'हो.' 'नाही ना दुखत?' 'हो.' अशा उत्तरांवर कधीही विसंबू नका.

स्वतःशी बोलणं ही अनेक प्रौढांची नेहमीची रीत आहे. दिवसभरात झालेलं ते अशा बोलण्यातून लावून घेतात, त्याला वेड समजून औषधं सुरू करायची गरज नाही. त्या बोलण्याचा सूर बदलला, त्यात भीती किंवा राग आला, किंवा बाहेरच्यांशी बोलणं थांबून फक्त हेच उरलं, तर ते डॉक्टरांना सांगा.

पहिली नोंद: पंधरा मिनिटांचा व्हिडिओ

वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आठवड्यात. वेळ सकाळची, न्याहारीनंतर. चष्मा असेल तर लावलेला, श्रवणयंत्र असेल तर त्यात नवा सेल. टीव्ही, मिक्सर, पंखा बंद. मोबाइल स्टँडवर साधारण एक मीटरवर ठेवा. चेहरा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत, कारण खुणांनी सांगणं हेही बोलणंच आहे. प्रश्न दर वर्षी एकाच माणसाने विचारावेत. क्रम असा:

१. मोकळं बोलणं, तीन-चार मिनिटं. 'रविवारी काय काय केलंस?' एवढं विचारा आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. दहा सेकंद घरच्यांना फार वाटतात, पण उत्तर यायला पुष्कळदा तेवढा वेळ लागतो.

२. एका चित्राचं वर्णन. पंगत, बाजार, बस स्टँड असं गजबजलेलं चित्र निवडा आणि दर वर्षी तेच वापरा. एरवी ते पाकिटात बंद ठेवा. भिंतीवर लावलं की ते पाठ होतं.

३. वीस वस्तूंची नावं. दहा रोजच्या (चमचा, कंगवा, किल्ली, चप्पल), दहा जरा कमी वापरातल्या (किसणी, चाळणी, टाचणी, नरसाळं). प्रत्येकीपुढे चारपैकी एक लिहा: लगेच सांगितलं, उशिरा सांगितलं, वर्णन करून सांगितलं ('खोबऱ्याची ती'), नाही आलं. यातला दुसरा आणि तिसरा प्रकार वाढू लागणं ही फार लवकरची खूण असू शकते. नुसतं बरोबर-चूक लिहिलं तर तीच निसटते.

४. एका मिनिटात जितक्या आठवतील तितक्या खायच्या वस्तू, मग एका मिनिटात प्राणी. पुन्हा सांगितलेली नावं मोजायची नाहीत, पण किती वेळा पुन्हा सांगितली ते लिहा.

५. सूचना. 'चमचा दे.' मग 'चमचा वाटीत ठेव आणि दार लाव.' मग तीन कामं एकत्र. आधी तुम्ही हात न हलवता सांगा, जमलं नाही तर खुणेसह. दोन्ही वेगळं लिहा.

६. ओळखीचं काम शब्दांत. 'चहा कसा करायचा, मला सांग.' किती पायऱ्या आल्या, क्रम बरोबर होता का?

७. शेवटी पाठ असलेलं: वार, एक ते वीस, आरती किंवा आवडतं गाणं. हे सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं, त्यामुळे मोजायला त्याचा उपयोग थोडा. पण उठताना आपल्याला आलं, या समाधानात उठणं गरजेचं आहे.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ पाहून मोकळ्या बोलण्यातली सगळ्यात लांब पाच वाक्यं जशीच्या तशी उतरवा. सुधारून लिहू नका. 'आई दिलं मला' असेल तर तसंच, कारण 'आईने'मधला 'ने' त्याने आधीही कधी लावला नसेल. उलट 'मी गेलो', 'ती आली' असं लिंगाप्रमाणे क्रियापद नीट फिरवणारा माणूस सगळं एकाच रूपात बोलू लागला, तर तो बदल आहे. त्याखाली मोकळ्या बोलण्यातल्या तीस वाक्यांतले एकूण शब्द मोजून दर वाक्यामागची सरासरी लिहा. तीनची सरासरी असलेल्या माणसाची तीन हीच पातळी. भावंडांशी किंवा संस्थेतल्या मित्राशी तुलना करू नका.

यात हमखास बिघडतं ते पहिलं अक्षर सुचवल्यामुळे. 'कि… कि…' म्हटलं की 'किसणी' येतेच, आणि पुढच्या वर्षी सुचवलं नाही की घसरण झाल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे दमलेल्या संध्याकाळी किंवा सर्दी-तापात केलेली नोंद. वीसच्या जागी अठरा आले म्हणून घाबरू नका; दोन आठवड्यांनी पुन्हा करा. दोन्ही वेळा तीच घट दिसली आणि घराबाहेरच्या कोणाला, तो जातो त्या कार्यशाळेतल्या शिक्षकांना म्हणा, तीच जाणवली, तरच तिला बदल समजा.

चाळिशीनंतर ही नोंद दर सहा महिन्यांनी करा. त्याच वयापासून वर्षातून एकदा एनटीजी-ईडीएसडी ही विस्मरणाच्या लवकरच्या खुणा टिपणारी प्रश्नावलीही भरा. ती सांभाळणाऱ्यांनी भरायची असते. स्मरण, भाषा, चालणं, झोप, वागणं यांत गेल्या वर्षापासून काय बदललं ते तीत विचारतात. तिच्यातून निदान होत नाही, पण भरलेली प्रश्नावली हातात असली की डॉक्टरांशी बोलणं नेमकं होतं.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक सूचना: कार्यशाळेत इंग्रजी आणि घरात मराठी असेल तर नोंद दोन्ही भाषांत, वेगवेगळ्या दिवशी करा. तिथला तपासनीस फक्त इंग्रजी पाहतो आणि निम्मा शब्दसंग्रह त्याच्या हिशेबातून सुटतो. दोन भाषांमुळे गोंधळ होतो म्हणून मराठी बंद करायची मुळीच गरज नाही.

त्याच्या शब्दांची वही

वर्षानुवर्षं अस्पष्ट बोलणाऱ्या माणसाचं बोलणं आईला पूर्ण कळतं, बाबांना बरंचसं, वहिनीला थोडं. आई गेली की एका दिवसात त्याचं अर्धं बोलणं निरर्थक ठरतं. तो तितकंच बोलत असतो. समजणारं कोणी उरलेलं नसतं. हे टाळता येतं, म्हणून ही वही व्हिडिओइतकीच गरजेची आहे.

शंभर पानी वहीत चार रकाने आखा: तो काय म्हणतो, त्याचा अर्थ, कधी म्हणतो, आपण काय करायचं. उदाहरणार्थ: 'बाबू गाडी' – रिक्षा – घरी जायचं असतं तेव्हा – 'दहा मिनिटांनी जाऊ' म्हणून घड्याळ दाखवा. खुणाही लिहा: कान ओढणं म्हणजे कंटाळा, की दुखणं? 'दुखतंय' तो कसं सांगतो, यासाठी अख्खं पान ठेवा. दवाखान्यात सगळ्यात आधी तेच लागतं. माणसांची त्याने ठेवलेली नावं लिहा, गेलेल्या माणसांचीसुद्धा. वहीची एक प्रत भावंडाकडे, एक संस्थेत. कायदेशीर पालकत्व (राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या) स्थानिक स्तर समितीकडून घेतलं असेल, तर त्या कागदांच्या फाइलमध्येच एक प्रत घालून ठेवा.

बदल दिसला: आधी वेग पाहा

किती दिवसांत झाला, यावर पुढची वाट ठरते. काही तासांत किंवा दिवसांत बोलणं गडबडलं तर ती तातडीची गोष्ट आहे: जंतुसंसर्ग (लघवीचा, छातीचा), नवं औषध, फिटचा झटका (आकडी), पक्षाघात. तोंड वाकडं झालं असेल किंवा एक हात लुळा पडला असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा. काही आठवडे ते महिने लागले असतील तर थायरॉइड, ऐकू कमी येणं, झोप, नैराश्य, दुखणं. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू, आणि वय चाळीसच्या पुढे, तर अल्झायमरचा विचार. तोही बाकीचं तपासून झाल्यावर.

सुरुवात कानापासून करा. डाऊन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते आणि मळाने सहज बुजते. घरी काडी घालू नका, मळ आणखी आत जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घ्या आणि मगच श्रवणचाचणी करा. मळासकट केलेली चाचणी वाया जाते. वयामुळे येणारा बहिरेपणाही यांना लवकर गाठतो. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, च असे उच्चार. हाक ऐकू येते, पण वाक्य कळत नाही, आणि घरचे म्हणतात, 'ऐकतो, पण लक्ष देत नाही.' आवाज आला की बटण दाबायचं हे जमत नसेल, तर उत्तराची गरज नसलेल्या चाचण्या असतात, त्या मागून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते. दर दोन वर्षांनी श्रवणचाचणी, तक्रार असो वा नसो.

मग रक्त: टीएसएच आणि फ्री टी४ (दोन्ही थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, बी १२, ड जीवनसत्त्व, साखर, सोडियम, कॅल्शियम. थायरॉइड मंदावणं इथे इतकं सर्रास आहे की टीएसएच दर एक-दोन वर्षांनी करायचाच असतो. शाकाहारी घरात बी १२ कधीच वगळू नका.

झोप: मोठं घोरणं, मध्येच श्वास थांबणं, बसून किंवा पुढे पूर्ण वाकून झोपणं, दिवसा पेंगणं. यातलं काहीही असेल तर झोपेची चाचणी करून घ्या. रात्रभर प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूला दिवसा शब्द सुचत नाहीत.

औषधं: सर्दी-खाज-झोपेसाठीच्या काही जुन्या गोळ्या (क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन), अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीवर ताबा राहावा म्हणून देतात ते ऑक्सिब्युटिनिन. यांनी गोंधळ आणि विसरभोळेपणा वाढतो. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मनाने काही बंद करू नका.

डोळे (मोतीबिंदू लवकर येतो), दात आणि बद्धकोष्ठही बघा. स्त्रियांमध्ये पाळी चाळिशीच्या मध्यालाच थांबू शकते आणि त्याने झोप आणि मन दोन्ही बिघडतं. चाल बदलली, हातातली ताकद गेली, लघवी कपड्यात होऊ लागली तर मानेच्या मणक्यांची तपासणी ताबडतोब हवी. त्याला विस्मरण समजून वेळ घालवू नका.

आणि दुःख. वडील गेले, बहीण लग्न होऊन गेली, आवडत्या ताई संस्था सोडून गेल्या. परिणाम कित्येकदा काही महिन्यांनी दिसतो, म्हणून कोणी तो जोडून पाहत नाही. 'त्याला काय कळतंय' म्हणून अंत्यविधीपासून दूर ठेवलं जातं, हे फार वाईट आहे. सरळ शब्दांत सांगा: 'बाबा मेले. ते परत येणार नाहीत. तुला माझ्याजवळ राहायचं आहे.' 'देवाघरी गेले' म्हटलं की ते परत येण्याची वाट पाहिली जाते.

पंधरा ते तीस वयात काही आठवड्यांत बोलणं जवळजवळ बंद पडलं, माणूस तासन्‌तास थिजून उभा राहू लागला, जेवणं-आंघोळ सुटली, तर त्याला अधोगतीचा विकार (रिग्रेशन डिसऑर्डर) म्हणतात आणि तो अल्झायमर नाही. त्यावर उपचार आहेत, बऱ्याच जणांत सुधारणा होते. मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांना दाखवा आणि जुना व्हिडिओ सोबत न्या.

अल्झायमर असेल तर भाषेत काय दिसतं

बऱ्याचदा पहिला बदल शब्दांत दिसतच नाही. स्वतःहून काही सुरू करणं थांबतं, हट्ट वाढतो, रोजच्या कामातल्या पायऱ्या उलटसुलट होतात. मग तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. मग 'ते… ते…', वर्णन करून सांगणं, लहान होत जाणारी वाक्यं, विचारल्याशिवाय न बोलणं. ओळखीच्या शब्दांची समज मात्र बराच काळ टिकते, म्हणून 'त्याला सगळं समजतं, मुद्दाम बोलत नाही' असा अन्याय घराघरांत होतो. तो मुद्दाम करत नसतो.

याच काळात आयुष्यातला पहिला फिटचा झटका येऊ शकतो. सकाळी उठल्यावर हातापायांना अचानक हिसके बसत असतील, हातातला कप उडत असेल, तर त्याचाही व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात दाखवा. झटके सुरू झाल्यावर बोलणं झपाट्याने घसरू शकतं, आणि ते औषधांनी आटोक्यात आणता येतात.

गोळ्यांकडून माफक अपेक्षा ठेवा. चाळिशीपुढच्यांवर मेमँटिन या अल्झायमरच्या औषधाचा नीट प्रयोग झाला, २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि त्यात फायदा दिसला नाही. डोनेपेझिल हे दुसरं औषध काही डॉक्टर देतात. त्याआधी हृदयाचे ठोके आणि ईसीजी पाहायला हवेत. अमायलॉइड काढणाऱ्या नव्या इंजेक्शनांच्या मुख्य चाचण्यांत डाऊन सिंड्रोम असलेली माणसं नव्हती, आणि यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड साठत असल्याने रक्तस्रावाचा धोका वेगळा आहे. जाहिरात पाहून ती मागू नका.

रोज कसं बोलायचं

हे पंचविशीपासूनच करायचं आहे. समोर बसून, डोळ्यांच्या पातळीवर. आधी नाव घ्या, त्याने पाहिलं की बोला. एका वाक्यात एकच गोष्ट, पाच-सहा शब्दांत, आणि मग ते दहा सेकंद थांबणं. 'पळू नकोस'ऐवजी 'हळू चाल': 'नकोस' निसटतं आणि 'पळ' तेवढं ऐकू येतं. 'काय खाणार?' याऐवजी दोन वस्तू समोर धरून 'पोहे की उपमा?' विचारा. उत्तरावर शंका असेल तर थोड्या वेळाने क्रम उलटा करून विचारा. नेहमी दुसराच पर्याय येत असेल तर तो शेवटचा शब्द परत म्हणतोय.

चुकीचं बोलला तर 'नीट बोल' म्हणू नका. 'बाबा ऑफिस' म्हणाला तर 'हो, बाबा ऑफिसला गेले' एवढंच म्हणा. एखाददुसरा शब्द जोडून परत देणं, बस. रोज पंधरा-वीस मिनिटं पेपरातले फोटो, मोबाइलमधले घरचे फोटो, मावशीला आवाजी संदेश. विषय मोठ्या माणसाचे हवेत: क्रिकेट, लग्नं, भाजीचे भाव. पस्तिशीच्या माणसापुढे बालवाडीची चित्रं ठेवली तर तो गप्प बसेल, आणि योग्यच करेल.

दिसणाऱ्या गोष्टी वाढवा. आजचा दिवस सांगणारी फोटोंची पट्टी, कपाटांवर आत काय आहे त्याचा खरा फोटो आणि खाली ठळक मोठ्या अक्षरात शब्द. जीवनवहीही चाळिशीच्या आत करा: वीस-तीस पानं, पानावर एक फोटो, खाली त्यानेच सांगितलेलं एक वाक्य. पुढे शब्द कमी पडतील तेव्हा वाचाउपचारतज्ज्ञ, काळजीवाहक, भाचरं, सगळ्यांना बोलायला विषय त्यातून मिळतो.

आजार पुढे गेला की आठवतंय का, हे कोण, ओळख पाहू, असले प्रश्न बंद करा. 'ही सुमनमावशी आली' असं तुम्हीच सांगा. गाणी, आरत्या, हातात हात चालू ठेवा. जेवताना खोकला, घास गालात धरून ठेवणं, पाणी पिताना ठसका, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा होणं यांवर लक्ष ठेवा. गिळणं बिघडल्याच्या या खुणा आहेत आणि त्यातून न्यूमोनिया होतो. हेही वाचाउपचारतज्ज्ञच तपासतात. तोवर पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, एक घास गिळल्यावरच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.